गर्दीतील ती स्त्री

दर तीन वर्षांनी, पावसाळ्याच्या आरंभीच्या एका रविवारी, आपल्या चर्चमध्ये संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला जातो. सभास्थानाचा अधिकारी याईर याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे. प्रभू येशू तिच्या घरी निघाला आहे. वाटेत गर्दी उसळली आहे आणि त्या गर्दीतून, बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली एक स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. वैद्यांच्या पायी तिने होते नव्हते ते सारे घालवलेले असते आणि गुण काही आलेला नसतो.

ह्या वाचनाविषयीची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसेल. वाचनग्रंथात ह्या पाठाची दोन रूपे आहेत, एक लांब आणि एक आखूड. वेळ कमी असेल तर आखूड पाठ वाचण्याची मुभा आहे. आखूड पाठातही याईरची मुलगी उठून बसते. पण रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री त्यात नाही. तिच्यावाचून गोष्ट पुरी होते.

मागच्या खेपेस आमच्या धर्मग्रामात आखूड पाठ वाचला गेला. बाहेर पाऊस होता, लोकांना घरी जायची घाई होती. त्यात कोणाचा दोष नाही. मिस्सा संपल्यावर मी मात्र बराच वेळ बाकावर बसून राहिले. १९६९ पासून २००६ पर्यंत मी सरकारी आरोग्य खात्यात परिचारिका होते. अशा दोन स्त्रिया माझ्या आयुष्यात येऊन गेल्या. दोघींनाही मी वगळले. आज वयाची पंच्याहत्तरी उलटल्यावर ते लिहून ठेवावे असे वाटते.

माझा जन्म वसईच्या एका वाडीतला. केळीच्या बागा, विहिरीवरचा रहाट, संध्याकाळची जपमाळ असे आमचे घर. परिचारिकेचे शिक्षण संपल्यावर माझी नेमणूक ठाणे जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्याच्या, डोंगराळ भागातील एका उपकेंद्रावर झाली. बाळंतपणे, लसी, हिवतापाच्या गोळ्या हे काम मी आनंदाने केले. पण त्या सर्व कामांच्या वर एक काम होते. त्याचे नाव ‘टार्गेट’. वर्षाला अमुक इतक्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया, अमुक इतक्या तांब्या. हे उद्दिष्ट माझ्यासारख्या परिचारिकेलाच नव्हे, शिक्षकांना, ग्रामसेवकांना आणि तलाठ्यांनाही वाटून दिलेले असे. मार्च महिना आला की आम्ही सारे पाड्यापाड्यांतून ‘केस’ शोधत हिंडत असू. बाईला आम्ही ‘केस’ म्हणत असू, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणालाही वाटत नसे.

मी कॅथॉलिक आहे हे वरिष्ठांना ठाऊक होते. पोप पॉल सहावे यांचे मानवी जीवनाविषयीचे परिपत्रक १९६८ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झाले, त्यानंतर वर्षभराच्या आत मी नोकरीला लागले. कृत्रिम संततिनियमनाला ख्रिस्तसभेची संमती नाही, नैसर्गिक पद्धतीला आहे, हे मला चांगले माहीत होते. पाच भावंडांच्या घरात माझा पगार हाच आधार होता हेही तितकेच खरे. एकदा सुट्टीत घरी आले असता मी आमच्या वृद्ध फादरांकडे गेले आणि सारे मन मोकळे केले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाळ, नोकरी सोड असे मी तुला सांगणार नाही. तीन गोष्टी मात्र पाळ. कोणाला फसवू नकोस. कोणावर बळजबरी करू नकोस. आणि कोणत्याही बाईला एकटी टाकू नकोस.” पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या असे देवासमोर म्हणू शकते. तिसरी पाळली नाही.

बळजबरी काय असते ते १९७६ साली साऱ्या देशाने पाहिले. आणीबाणीचा तो काळ. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशभर ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, इतकेच. आमची जीप रस्त्यावर दिसली की पुरुषमंडळी रानात पळत. संततिनियमनाची साधने उद्या सरकारच्या हाती शस्त्र होऊन बसतील, कुटुंबाचा अत्यंत खाजगी निर्णय सरकार बळाने आपल्या हाती घेईल, असा इशारा त्या परिपत्रकात आठ वर्षे आधीच दिलेला होता. त्या वेळी त्याला हसणारे पुष्कळ होते. १९७६ नंतर कोणी हसले नाही.

पुढे सरकार बदलले, ‘कुटुंबनियोजना’चे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले. पुरुषांच्या नसबंदीला राजकारणी इतके भ्याले की त्यांनी ते नाव घेणेच सोडले. उद्दिष्टांचा तक्ता मात्र भिंतीवर राहिला. मग तो भरायचा कोणी? स्त्रियांनी. संताप पुरुषांनी केला आणि ओझे बायकांच्या पोटावर आले. १९८० नंतर दुर्बिणीच्या, बिनटाक्याच्या शस्त्रक्रियांची शिबिरे सुरू झाली. शाळेचा वर्ग रिकामा करायचा, बाके जोडायची, शहरातून शल्यचिकित्सक यायचे, आणि संध्याकाळपर्यंत शस्त्रक्रिया झालेल्या बायका सतरंज्यांवर ओळीने निजलेल्या असायच्या.

अशाच एका शिबिरात मी तिला आणले. तिचे नाव लिहीत नाही. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावरची, तिशी ओलांडलेली, चार मुलांची आई. ती स्वतःहून तयार झाली होती. तिला आणखी मूल नको होते आणि तिच्या नवऱ्याची हरकत नव्हती. जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “बाई, माझ्या अंगावरून सारखं जातं. कधी पांढरं, कधी लाल. त्याचं काही होईल का?”

मी म्हणाले, “आधी ऑपरेशन होऊ दे, मग बघू.”

शिबिर पार पडले. तिला मोबदल्याचे पैसे मिळाले, माझ्या तक्त्यात एक आकडा वाढला. त्या वर्षी माझे टार्गेट पुरे झाले आणि सभेत वरिष्ठांनी माझे नाव घेतले. ‘मग बघू’ हे मी विसरले. ती विसरली नसावी. पण आपणहून उपकेंद्रापर्यंत येणे म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी बुडणे. पाच-सहा वर्षांनी तिचा नवरा तिला डोलीत घालून घेऊन आला. खोलीत शिरताच तो वास आला, आणि मला कळले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग कटिभागात सर्वत्र पसरला होता. जिल्ह्याच्या गावी पाठवण्यापलीकडे काही करण्यासारखे राहिले नव्हते. तिने मला ओळखले आणि हसली. माझ्यावर तिचा राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

सरकारी पैशाने तिच्यासाठी काय काय केले होते? जीप पाठवली, शल्यचिकित्सक पाठवला, भूल दिली, टाके घातले, मोबदला दिला. एवढा सारा खर्च तिच्या पोटापर्यंत पोहोचला आणि तेथून चार बोटे अंतरावर असलेल्या दुखण्याकडे कोणी वळून पाहिले नाही. कारण त्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

दुसरी स्त्री माझी थोरली बहीण. आम्ही तिला बाय म्हणत असू. बायचे सारे आयुष्य चर्चच्या घंटेच्या आवाजात गेले. सात मुले, वाडीचे काम, पहाटेची मिस्सा. आमच्या गावात सरकारी कुटुंब कल्याण केंद्र होते, भिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेले. बाय त्याच्यासमोरून जाताना पदर सावरून पलीकडच्या बाजूने जात असे. “तिथं आपल्या माणसांनी जायचं नसतं,” असे ती मुलींना सांगे. तिची श्रद्धा खरी होती आणि ती जशी बोलली तशी जगली. पण त्याच दारामागे गरोदर बायांची तपासणी होत असे, रक्त तपासले जात असे, बायकांच्या दुखण्यांवर दोन शब्द विचारायला एखादी डॉक्टरीण बसत असे. लाल त्रिकोणाने बायला तेही दार बंद केले.

पाळी जाऊन चार वर्षे झाल्यावर तिला पुन्हा रक्त जाऊ लागले. ‘उतारवयात असे होते’ म्हणून तिने आठ महिने लपवले. पुतणीच्या लग्नासाठी मी घरी आले, तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा पांढरा दिसला म्हणून मी विचारले. मी परिचारिका, तिची सख्खी बहीण. पण त्याआधीच्या वीस वर्षांत ‘बाय, तुझी तपासणी झाली आहे का?’ असे मी तिला एकदाही विचारले नव्हते. मुंबईच्या रुग्णालयात रोग तिसऱ्या अवस्थेत निघाला. विकिरणोपचार झाले. दीड वर्ष ती टिकली आणि १९८९ च्या प्रायश्चित्तकाळात गेली. वय त्रेपन्न.

एकीला सरकारने मोजले, दुसरीला धर्मग्रामाने गौरवले. एक टार्गेटमध्ये बसली, दुसरी त्यापासून दूर राहिली. दोघींचा रोग एक, दोघींचे मरण एकाच तऱ्हेचे. आणि दोघींना तपासले कोणीच नाही.

पुढे जे वाचले, शिकले, त्याने माझा सल अधिकच वाढला. हा रोग एका विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना ह्या शोधाबद्दल २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू इतका सर्वत्र असतो की जन्मभर एकाच जोडीदाराशी संसार केलेल्या स्त्रीलाही त्याची लागण होऊ शकते; म्हणून ह्या रोगावरून कोणाच्याही चारित्र्याचा विचार मनात आणणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक वर्षे जातात. त्या काळात गर्भाशयाच्या मुखावर जे बदल होतात ते दिसू शकतात, आणि वेळीच दिसले तर साध्या उपचाराने नाहीसे करता येतात. इतका सावकाश चालणारा आणि इतका वाट पाहणारा कर्करोग विरळा.

तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक व प्रयोगशाळा लागणारी पद्धत १९४० च्या दशकापासून जगाला ठाऊक होती. ती आपल्या खेड्यांत पोहोचली नाही. नंतर एक सोपी पद्धत निघाली. गर्भाशयाच्या मुखाला पातळ केलेले व्हिनेगरचे आम्ल लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेला भाग पांढरा पडतो, तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन ह्याचा मोठा अभ्यास सुरू केला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली, आणि ती केली दहावी शिकलेल्या, महिनाभर प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाले. तपासणी झालेल्या गटात ह्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. मी शेकडो स्त्रियांना तांबी बसवली होती. तांबी बसवताना जे उपकरण लावतात तेच ह्या तपासणीला लावतात. दिवा तोच, टेबल तेच, बाईची लाज तीच. गर्भाशयाचे मुख माझ्या डोळ्यांसमोर होते. व्हिनेगरची ही पद्धत त्या काळी आमच्यापर्यंत आलेली नव्हती हे खरे. पण जखम दिसली, रक्त दिसले तर पुढे पाठवता आले असते. आम्ही पाहत होतो ते तांबी नीट बसली की नाही एवढेच.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. काही अंशी झाले आहे. एप्रिल १९९६ पासून केंद्र सरकारने टार्गेटची पद्धत अधिकृतपणे बंद केली. तरी नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या प्रकरणात तेरा स्त्रियांचे प्राण गेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी तीस वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी सरकारी केंद्रांत व्हावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने काढली. कागदावर तरी रकाना आला.

पण तक्ता पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के कुटुंबांत स्त्रीची नसबंदी झालेली आहे, आणि पुरुषाची अवघ्या ०.३ टक्के कुटुंबांत. त्याच पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया होत्या १.९ टक्के. शंभरांत दोनही नव्हेत. १९५२ पासून चाललेला, जगातील पहिला राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम प्रत्येक पाड्यावर, प्रत्येक आळीत पोहोचू शकला. म्हणजे रस्ता होता, जीप होती, परिचारिका होती, पैसाही होता. स्त्रीपर्यंत सरकार पोहोचू शकत नाही, असे आता कोणीही म्हणू नये. ते पोहोचले होते. ते वेगळ्या कामासाठी आले होते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार ह्या एका रोगाने आपल्या देशात वर्षाला सुमारे ऐंशी हजार स्त्रिया मरतात.

आता आपल्याविषयी. सार्वजनिक पैशाने संततिनियमन व्हावे की नाही ह्यावर आपण कॅथॉलिकांनी पुष्कळ बोलून झाले आहे, आणि तो प्रश्न लहान नाही. माझ्या संसारात आम्ही काय केले हे मी येथे सांगणार नाही. तो माझा, माझ्या यजमानांचा आणि देवाचा विषय होता. पण रोगाची तपासणी आणि उपचार यांना ख्रिस्तसभेची कधीच मनाई नव्हती. १९६८ च्या त्याच परिपत्रकात रोगावरील आवश्यक उपचारांना हरकत नाही, असे स्पष्टपणे म्हटले आहे. मग आपण लाल त्रिकोणाकडे पाठ फिरवली तेव्हा त्या दारामागच्या दुसऱ्या खोलीचे काय, हे का विचारले नाही? ‘तो पैसा आम्हांला मान्य नाही’ असे सांगणे सोपे होते. ‘ह्या दुसऱ्या कामासाठी पैसा द्या, परिचारिका द्या, आमच्या बायका येतील’ असे सांगायला आपल्यापैकी कोणी सरकारच्या दारी गेले नाही. मीही नाही.

त्या रविवारनंतर मी आमच्या महिला मंडळात हे सारे बोलले. बायचे नाव घेऊन बोलले. तिच्या मुलींची परवानगी आधी घेतली होती. फादरांनी सभागृह दिले. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई आणि दोन सिस्टर एका शनिवारी व्हिनेगरची बाटली, दिवा आणि उपकरणांची पेटी घेऊन आल्या. खर्च सरकारचा. पडदे आमच्या बायकांनी शिवले. दारापाशी चाळीसेक जणी जमल्या, पण आत जायला कोणी उठेना. शेवटी बायची नातसून उठली. चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई. जाताना मला म्हणाली, “मावशीआजी, तुम्ही आत माझ्यापाशी उभ्या राहाल का?”

मी उभी राहिले. ते मिनिट फार लांब होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सर्व ठीक आहे. मग एकामागून एक अशा एकतीस जणी आत गेल्या. दोघींना पांढरा डाग निघाला. दोघींवर पुढच्या महिन्यात लहानसा उपचार झाला आणि त्या आपल्या पायांनी चालत घरी गेल्या. त्यांना आता मरण यायचे ते दुसऱ्या कशाने तरी येईल.

वाचकहो, आपल्या घरात तीस वर्षे पुरी झालेली सून असेल, बहीण असेल, तर तिला एकदा विचारा. आपणहून ती सांगणार नाही. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी ह्या विषाणूवरील लस आहे. ती पुण्यातही तयार होते, आणि अशा मुलींच्या लसीकरणाला उत्तेजन देण्याचे केंद्र सरकारने २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर केले. आपल्या मुलींना ती कोठे व कशी मिळेल याची चौकशी आपल्या आरोग्य केंद्रात करा. आणि तेथे गेल्यावर विचारा, तीस वर्षांवरील स्त्रियांची तपासणी येथे होते का, झाली तर किती जणींची झाली. हा पैसा तुमचा-आमचा आहे. विचारणारे कोणी नसले की तो तक्त्यातल्या रकान्यांप्रमाणे खर्च होतो.

शुभवर्तमानात त्या स्त्रीने वस्त्राला हात लावताच प्रभू येशू थांबला. याईर घाईत होता, शिष्यही घाईत होते. एवढ्या गर्दीत कोणाचा धक्का लागला हे काय विचारायचे, असे शिष्यांना वाटले. तरी तो थांबला, वळला, तिला समोर येऊ दिले, तिचे सारे ऐकून घेतले आणि तिला कन्या म्हटले. जीपमध्ये माझ्या शेजारी बसून ती पाड्यावरची बाई बोलली, तेव्हा मला एवढेच करायचे होते.

पुढच्या खेपेस तो पाठ येईल तेव्हा लांब पाठ वाचावा, अशी विनंती मी आमच्या फादरांना करून ठेवली आहे. तोपर्यंत मी असेन की नाही, देव जाणे.